निवडणुकीच्या तक्रारीसाठी कोर्टात जायचंय? आधी दार आणि तारीख बघा

निकाल लागला की पुढचे आठ दिवस गावात, सोसायटीत, ग्रुपवर एकच वाक्य ऐकू येतं, कोर्टात जाऊ. जातात थोडेच. आणि जे जातात त्यातल्या बऱ्याच जणांची केस खरं काय खोटं काय हे ठरायच्या आधीच बाद होते, कारण चुकीच्या कोर्टात गेलेले असतात, नाहीतर मुदत उलटलेली असते, नाहीतर हातात एकही सही-शिक्क्याचा कागद नसतो. ज्याचं म्हणणं कदाचित खरंही होतं तो माणूस असा तारखेवर हरतो हे बघवत नाही, म्हणून हे सगळं एका जागी लिहून ठेवतोय. याने वकिलाची गरज संपणार नाही, पण वकिलाकडे कधी जायचं आणि जाताना काय घेऊन जायचं एवढं तरी कळेल.

सगळ्यात आधी निवडणूक कोणाची होती ते बघा. लोकसभा, विधानसभा असेल तर भारत निवडणूक आयोग आणि १९५१ चा लोकप्रतिनिधित्व कायदा. ग्रामपंचायत, झेडपी, नगरपरिषद, महापालिका असेल तर राज्य निवडणूक आयोग आणि त्या त्या संस्थेचा वेगळा कायदा. आयोग वेगळे, कोर्टं वेगळी, मुदती तर फारच वेगळ्या. ग्रामपंचायतीची तक्रार दिल्लीला मेल करून उत्तराची वाट बघत बसलात तर तेवढ्यात मुदत संपलेली असते.

मूळ नियम, तो समजला की अर्धं काम झालं

घटनेचं कलम ३२९ सांगतं की लोकसभा-विधानसभेच्या निवडणुकीला आव्हान द्यायचं तर फक्त निवडणूक याचिकेनेच, म्हणजे इलेक्शन पिटीशनने, दुसरा रस्ता नाही. १९५२ साली मद्रास राज्यातल्या नामक्कलच्या पोन्नुस्वामी नावाच्या उमेदवाराचा अर्ज छाननीत बाद झाला, तो रिट (म्हणजे घटनेतल्या अधिकाराखाली थेट वरच्या कोर्टात केलेला अर्ज) घेऊन गेला, आणि सुप्रीम कोर्टाने सांगितलं की निवडणूक म्हणजे फक्त मतदानाचा दिवस नाही, अधिसूचना निघाल्यापासून निकाल लागेपर्यंतची अख्खी प्रक्रिया म्हणजे निवडणूक, आणि ती मध्येच अडवायची नाही, जे काय भांडायचं ते निकालानंतर याचिका करून भांडा. आजही हाच पाया आहे. स्थानिक संस्थांसाठी घटनेत २४३-ओ आणि २४३-झेडजी ही अशीच कलमं आहेत.

म्हणून मतदानाच्या आदल्या दिवशी "स्टे आणू" असं कोणी म्हणालं तर फार आशा धरू नका. आणि निकालानंतर पिटीशनच्या जागी रिट केली तरी तेच होतं. २०२४ च्या महाराष्ट्र विधानसभेला सहा वाजल्यानंतर झालेल्या मतदानाच्या आकड्यांवर शंका घेऊन एका मतदाराने मुंबई हायकोर्टात रिट केली होती, राज्यातल्या सगळ्याच जागांच्या निकालाबद्दल, ती जून २०२५ मध्ये फेटाळली गेली आणि पुढे सुप्रीम कोर्टानेही हात लावला नाही. निवडणूक याचिका एका मतदारसंघाची असते, एका जिंकलेल्या उमेदवाराविरुद्ध असते. राज्यभराचा राग एका अर्जात मांडायची सोय कायद्यात नाही.

मग कोर्ट मध्ये पडतच नाही का? पडतं. २००० सालच्या अशोक कुमार केसमध्ये सुप्रीम कोर्टाने रेघ आखून दिली, की निवडणूक थांबेल, लांबेल असा आदेश द्यायचा नाही, पण निवडणूक नीट पुढे सरकावी यासाठी किंवा एखादा महत्त्वाचा पुरावा नष्ट होऊ नये यासाठी आदेश देता येतो. पुराव्याचा मुद्दा लक्षात ठेवा, खाली लागणार आहे.

आपल्याकडचीच उदाहरणं बघा. पुण्याचे खासदार गिरीश बापट मार्च २०२३ मध्ये गेले, जागा रिकामी, सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यायचा नियम, आयोग घेईना. एका मतदाराच्या याचिकेवर डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई हायकोर्टाने पोटनिवडणूक घ्या असा आदेश दिला (पुढे सुप्रीम कोर्टाने त्याला स्थगिती दिली, ते वेगळं). उलट अकोला पश्चिममध्ये जाहीर झालेली पोटनिवडणूक नागपूर खंडपीठाने मार्च २०२४ मध्ये रद्द केली, कारण निवडून येणाऱ्याला एक वर्षसुद्धा मिळत नव्हतं. गोव्यात २०२१ साली पाच नगरपालिकांच्या प्रभाग आरक्षणात महिला, ओबीसींच्या जागा नीट ठेवल्या नाहीत म्हणून हायकोर्टाने ते आरक्षण रद्द केलं, सुप्रीम कोर्टाने ते कायम केलं आणि वर सांगितलं की सरकारी सचिवालाच राज्य निवडणूक आयुक्ताचा जादा चार्ज देणं घटनेत बसत नाही. मला हा निकाल फार महत्त्वाचा वाटतो, कारण ज्याचं सरकार त्याचाच नोकर पंच असेल तर पुढच्या सगळ्या गोष्टींना अर्थ उरत नाही.

आणि ओबीसी आरक्षणाचं प्रकरण तर आपण सगळ्यांनी भोगलंय. मार्च २०२१ ला सुप्रीम कोर्टाने विकास गवळी केसमध्ये तिहेरी चाचणी लावली (आयोग नेमून आकडेवारी गोळा करा, संस्थेनुसार प्रमाण ठरवा, एकूण आरक्षण ५० टक्क्यांच्या आत ठेवा), मग आयोग, अहवाल, अध्यादेश, जैसे थे, आणि निवडणुका लटकल्या त्या लटकल्याच. ६ मे २०२५ ला कोर्टाने चार आठवड्यांत अधिसूचना काढा म्हणून सांगितलं तेव्हा कुठे चक्र फिरलं. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपलेली आणि मतदान झालं १५ जानेवारी २०२६ ला. इतकी वर्षं नगरसेवक नाही, सगळा कारभार प्रशासकाकडे. कोर्टामुळे निवडणूक होते तशी कोर्टात अडकून राहतेही, ही दुसरी बाजू माहीत असू द्या.

थोडक्यात, प्रभागरचना, आरक्षण, निवडणूकच न घेणं असली तक्रार असेल तर कार्यक्रम जाहीर व्हायच्या आधी रिट घेऊन हायकोर्टात जायचं. अधिसूचना निघाली की ते दार जवळजवळ बंद.

मतदार यादीत नाव नाही

हे कोर्टाचं काम नाही, दिवाणी कोर्टाला यात अधिकारच नाही. नवीन नावासाठी फॉर्म ६, कोणाच्या नावावर हरकत किंवा नाव काढायला फॉर्म ७, दुरुस्ती आणि पत्ता बदलाला फॉर्म ८. मतदार नोंदणी अधिकाऱ्याने विरुद्ध निर्णय दिला तर १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील, तिथेही नाही झालं तर ३० दिवसांत राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्याकडे दुसरं अपील. हे सगळं करून कागद जमले की मगच हायकोर्ट ऐकण्याची शक्यता, नाहीतर पहिला प्रश्न हाच येतो की अपील का नाही केलं. उमेदवारी अर्जांचा शेवटचा दिवस उलटला की यादीत काहीच बदल होत नाही, आणि महापालिका-झेडपीला विधानसभेचीच यादी प्रभागानुसार फोडून वापरतात, त्यामुळे तिथे प्रभाग चुकला असेल तर हरकत घेता येते पण नवीन नाव घालता येत नाही. म्हणजे यादीचं काम निवडणूक नसतानाच करायचं.

अर्ज बाद झाला किंवा समोरच्याचा चुकीचा घेतला

छाननीच्या वेळी तिथे हजर रहा आणि हरकत लेखी द्या, तोंडी बोललेलं कुठेच राहत नाही. अर्ज बाद केला तर निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने कारणं लिहिलीच पाहिजेत, त्या आदेशाची प्रमाणित प्रत त्याच दिवशी मागा. याचं महत्त्व मोहिंदर सिंग गिल केसमधून कळतं, तिथे सुप्रीम कोर्टाने म्हटलं की अधिकाऱ्याचा आदेश त्यात लिहिलेल्या कारणांवरच तपासला जाईल, नंतर कोर्टात प्रतिज्ञापत्र करून नवी कारणं जोडता येणार नाहीत. तुमच्या हातात तो कागद असला की समोरच्याला गोष्ट बदलता येत नाही.

कायद्यात एक फरक आहे तो फार जणांना माहीत नसतो. कोणाचाही अर्ज चुकीने बाद झाला असं सिद्ध झालं तर लोकसभा-विधानसभेची ती निवडणूक रद्द होते, निकालावर परिणाम झाला का हे दाखवायची गरज नाही. पण चुकीने स्वीकारला असेल तर जिंकलेल्याच्या निकालावर त्याचा खरोखर परिणाम झाला हे दाखवावं लागतं.

नगरपरिषदांना डिसेंबर २०२५ च्या निवडणुकीत छाननीविरुद्ध जिल्हा न्यायालयात अपिलाची सोय होती, आणि त्यातून काय झालं आठवत असेल. काही अपिलांचे निकाल उशिरा लागले, उमेदवारांना माघारीसाठी नियमाप्रमाणे दिवस मिळाले नाहीत, म्हणून आयोगाने काही ठिकाणची पूर्ण निवडणूक आणि काही ठिकाणचे प्रभाग २० डिसेंबरवर ढकलले, आणि मग २ डिसेंबरला ज्यांचं मतदान झालं त्यांची मोजणी आधी केली तर पुढच्या मतदानावर परिणाम होईल म्हणून नागपूर खंडपीठाने सगळीच मोजणी २१ डिसेंबरला करायला लावली. असे नियम बदलत असतात, त्यामुळे अपिलाची सोय आहे का, असेल तर किती दिवस, हे अर्ज भरतानाच निवडणूक कार्यालयात विचारून ठेवा.

मतदान आणि मोजणीचा दिवस, इथेच केस बनते

कोर्टात जे लागतं ते निकालानंतर गोळा करता येत नाही, हे माझं ठाम मत आहे. तुमच्या प्रत्येक पोलिंग एजंटला सांगा की मतदान संपल्यावर केंद्राध्यक्षाच्या सहीची फॉर्म १७ सी ची प्रत घेतल्याशिवाय बाहेर पडायचं नाही. त्यात किती मतं पडली, मशीनचे नंबर, सगळं असतं. मोजणीला तोच कागद घेऊन बसायचं आणि कंट्रोल युनिटवरचा, म्हणजे मतं साठवणाऱ्या मशीनवरचा, आकडा जुळवायचा. नाही जुळला तर तिथल्या तिथे लेखी हरकत आणि पोच.

तुमच्या नावावर दुसराच कोणी मत देऊन गेला असेल तर परत फिरू नका. केंद्राध्यक्षाला ओळख पटवून टेंडर व्होट मागा, कागदी मतपत्रिका मिळते, ती पाकिटात वेगळी ठेवतात. ती साध्या मोजणीत धरत नाहीत पण कोर्टात तो बोगस मतदानाचा पुरावा असतो.

फेरमोजणी हवी असेल तर बेरीज जाहीर झाल्यावर आणि निकाल जाहीर व्हायच्या आधी, १९६१ च्या निवडणूक नियमांतल्या नियम ६३ खाली, कारण देऊन लेखी अर्ज करायचा. ही वेळ काही मिनिटांची असते, म्हणून अर्जाचा मजकूर आधीच लिहून नेलेला बरा. निकालाचं प्रमाणपत्र दिल्यावर अधिकाऱ्याच्या हातात काही राहत नाही.

इव्हीएमबद्दल शंका असेल तर सुप्रीम कोर्टाच्या २६ एप्रिल २०२४ च्या निकालाप्रमाणे दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला निकालापासून सात दिवसांत लेखी अर्ज करून प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या पाच टक्के मशीनची मेमरी तपासून घेता येते, खर्च उमेदवाराचा, छेडछाड निघाली तर पैसे परत. ही सोय उमेदवाराला आहे, साध्या मतदाराला नाही.

सीसीटीव्हीचं काम मात्र पहिल्या आठवड्यातच करा. आयोगाच्या २०२५ च्या सूचनेप्रमाणे रेकॉर्डिंग ४५ दिवसच ठेवायचं आहे, त्यात याचिका झाली नाही तर ते नष्ट करता येतं, आणि डिसेंबर २०२४ मध्ये त्याच नियमांतला नियम ९३ बदलल्यापासून ते सरसकट मागताही येत नाही. म्हणून कोणत्या केंद्राचं, किती ते किती वाजेपर्यंतचं फुटेज जपून ठेवा असा लेखी अर्ज लगेच द्या आणि याचिकेसोबत ते जपण्याचा आदेश मागा. वर अशोक कुमारचा मुद्दा लक्षात ठेवा म्हटलं ते यासाठी.

व्हिडिओ असला म्हणजे केस जिंकली असं नाही, यावर सगळ्यात मोठा निकाल आपल्या जालन्याचाच आहे. २०१४ ला अर्जुन खोतकर २९६ मतांनी जिंकले, हरलेले कैलास गोरंट्याल हायकोर्टात गेले की यांचे अर्ज दुपारी तीनची वेळ उलटल्यावर घेतले. पुरावा काय, तर निवडणूक कार्यालयाचंच व्हिडिओ शूटिंग. औरंगाबाद खंडपीठाने २०१७ मध्ये निवडणूक रद्द केली, आणि जुलै २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने तो निकाल कायम करताना सांगून टाकलं की कॉपी केलेल्या इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत कायद्यातलं प्रमाणपत्र लागतंच. इथे अधिकारी मागूनही प्रमाणपत्र देत नव्हते, गोरंट्याल यांनी पुन्हा पुन्हा मागितल्याचे कागद होते, म्हणून ते वाचले. आता हे प्रमाणपत्र भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली लागतं. मोबाईलवर शूट केलं असेल तर तो मोबाईल तसाच ठेवा, ज्याने शूट केलं तोच प्रमाणपत्र देईल हे पक्कं करा. ग्रुपवरून फॉरवर्ड होत आलेल्या व्हिडिओचा उपयोग जवळपास शून्य.

याचिका कशी करायची

लोकसभा-विधानसभेची याचिका हायकोर्टात, निकालाच्या तारखेपासून ४५ दिवसांत. उमेदवार करू शकतो आणि त्या मतदारसंघाचा कोणीही मतदार करू शकतो, हे विसरू नका, हरलेला उमेदवार गप्प बसला तरी मतदाराचा हक्क जात नाही. ४६ व्या दिवशी गेलात तर उशीर माफ होत नाही, आजारी होतो, वकील गावाला होता, काही चालत नाही. मी तर म्हणेन तिसाव्या दिवशीच दाखल करा म्हणजे त्रुटी निघाल्या तर दुरुस्त करायला दिवस उरतात.

याचिका दाखल करायला स्वतः हजर रहा, नुसता वकील पाठवू नका. २,००० रुपये अनामत त्याच वेळी भरायची. जितके प्रतिवादी तितक्या प्रती आणि प्रत्येक प्रतीवर खरी प्रत म्हणून तुमची स्वतःची सही. जिंकलेल्याला पार्टी करायचंच, आणि मलाच विजयी घोषित करा असंही मागत असाल तर बाकीच्या सगळ्या उमेदवारांना, शिवाय ज्या उमेदवारावर भ्रष्ट आचरणाचा (लाच, धर्म-जातीच्या नावावर मतं मागणं असे कायद्यात सांगितलेले गैरप्रकार) आरोप करताय त्यालाही. यातलं एक जरी सुटलं तर कलम ८६ खाली याचिका तिथेच फेटाळली जाऊ शकते.

मजकुरात मोघम काही नको. "पैसे वाटले" असं नाही, कोणी, कोणाला, कुठल्या तारखेला, कुठे, उमेदवाराच्या संमतीने कसे, हे सगळं लागतं आणि भ्रष्ट आचरणाच्या आरोपाला फॉर्म २५ मधलं वेगळं प्रतिज्ञापत्र. हा आरोप फौजदारी गुन्ह्यासारखा पक्का सिद्ध करावा लागतो. मुंबई उत्तर पश्चिमला २०२४ मध्ये रवींद्र वायकर फक्त ४८ मतांनी जिंकले, अमोल कीर्तिकर हायकोर्टात गेले, टेंडर व्होटचाही मुद्दा होता, तरी निकालावर नेमका परिणाम कसा झाला याची ठोस तथ्यं याचिकेत नाहीत म्हणून डिसेंबर २०२४ मध्ये ती सुरुवातीलाच फेटाळली गेली. ४८ मतांवर ही गत, तर हजारांच्या फरकाला किती तयारी लागेल बघा.

गावपातळीवर मुदत याहून कमी

ग्रामपंचायतीला निकालापासून १५ दिवस, अर्ज तालुक्याच्या दिवाणी न्यायाधीशाकडे. झेडपी, पंचायत समितीला १५ दिवस, जिल्हा न्यायाधीशाकडे. नगरपरिषदेला राजपत्रात नावं आल्यापासून १० दिवस, जिल्हा न्यायालयात. महापालिकेलाही १० च दिवस, मुंबईत लघुवाद न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशांकडे आणि बाकी शहरांत कायद्याने ठरवून दिलेल्या तिथल्या कोर्टात. विधानसभेचे ४५ दिवस डोक्यात धरून बसलेले लोक इथे फसतात, मिरवणुकीचा गुलाल धुवायच्या आत अर्ध्या मुदतीवर आलेलो असतो. सदस्य निवडून आल्यावर अपात्र ठरवायचा असेल, तिसरं अपत्य, अतिक्रमण असं काही, तर ग्रामपंचायतीत तो अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, ते प्रकरण वेगळं.

पैशाची अडचण असेल तर तालुका किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना एरवी उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, पण निवडणुकीच्या केसला तो मिळेल का हे तिथे आधी विचारून घ्या.

किती वेळ लागतो, काय मिळतं

कायदा म्हणतो सहा महिन्यांत निकाल लावायचा प्रयत्न करा. प्रत्यक्षात विलेपार्ल्याची १९८७ ची पोटनिवडणूक, रमेश प्रभूंची, धर्माच्या नावावर मतं मागितली म्हणून हायकोर्टाने १९८९ मध्ये रद्द केली आणि सुप्रीम कोर्टाचा शेवटचा शब्द आला डिसेंबर १९९५ मध्ये. सांताक्रूझच्या १९९० च्या निवडणुकीतून निघालेला धर्म-जातीच्या आवाहनाचा कायदेशीर प्रश्न सात न्यायाधीशांनी सोडवला २ जानेवारी २०१७ ला. आणि तरीही जून १९७५ मध्ये अलाहाबाद हायकोर्टाच्या एका न्यायाधीशाने पंतप्रधानांची रायबरेलीची निवडणूक रद्द केली होती ती याच कायद्याखाली, अशाच एका याचिकेवर. चंदीगडच्या महापौर निवडणुकीत पीठासीन अधिकाऱ्याने कॅमेऱ्यासमोर आठ मतपत्रिका खराब केल्या, ३० जानेवारी २०२४ ला, आणि २० फेब्रुवारीला सुप्रीम कोर्टाने मतपत्रिका स्वतः बघून खरा विजेता जाहीर केला. पुरावा इतका स्वच्छ असला की तीन आठवडेही पुरतात.

हायकोर्टाचा निकाल विरुद्ध गेला तर ३० दिवसांत सुप्रीम कोर्टात अपील.

आणखी एक, हे वकीलही सहसा सांगत नाहीत. याचिका करणाऱ्याला नंतर दबाव येतो, ऑफर येते, आणि तो माघार घ्यायला निघतो. पण लोकसभा-विधानसभेची याचिका हायकोर्टाच्या परवानगीशिवाय मागे घेता येत नाही, आणि ती देवाणघेवाणीतून मागे घेतली जातेय असं दिसलं तर परवानगी द्यायचीच नाही असं कलम ११० सांगतं. परवानगी मिळालीच तरी माघारीची नोटीस राजपत्रात येते आणि तेव्हापासून १४ दिवसांत त्या मतदारसंघाचा कुठलाही मतदार "याच्या जागी मला घ्या" असा अर्ज करून तीच केस पुढे चालवू शकतो. तुमच्या भागातली अशी याचिका चालू असेल तर तिच्या तारखा हायकोर्टाच्या वेबसाईटवर केस नंबर टाकून बघत रहा.